दुधाचा पेला आणि घराचा इतिहास



ज्या गुरुजींच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या हाताखाली इतिहासाचे पहिले धडे गिरविण्याचे भाग्य मला लाभले. गुरुजी बुऱ्हाणपूरचा इतिहास शिकवीत तेव्हा फारुकी सुलतान, अब्दुर्रहीम खानखानान आणि शाहजहान यांच्याबरोबरच कुंडी भंडाऱ्याचे पाणी, हातमागाचा धोटा आणि बाजारातील मापे यांविषयीही ते तितक्याच आस्थेने बोलत. राजाने काय जिंकले हे पुस्तकात सापडते, पण त्या दिवशी रयतेच्या ताटात काय पडले हे तुम्हांलाच शोधावे लागेल, असे त्यांचे सांगणे असे. आज मी निवडलेला विषय ऐकून काहींना हसू येण्याचा संभव आहे. माणसे दूध कशी पितात, कोणते पितात आणि कोण पीत नाही, हा तो विषय होय.

हा विषय मला माझ्या विद्यार्थ्यांनी दिला. मी स्वतः शिक्षक झाल्यानंतर एका वर्षी नववीच्या मुलामुलींना ‘आमच्या घरचे दूध’ या विषयावर एक पान लिहून आणावयास सांगितले. पाने आली आणि मी थक्क झालो. एकाच गावातील, काही तर एकाच आळीतील ही घरे. परंतु दोन घरांची चव एक नव्हती. कोणाला धार काढताच फेसासकट धारोष्ण दूध हवे, कोणाला तीनदा उकळून तांबूस झालेले. कोणी साय पाहताच तोंड फिरवी, तर कोणी सायीसाठी भावाशी भांडे. कोणी ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून खाई, कोणी केळ्याची शिकरण केल्याशिवाय दुधाला शिवत नसे. एका मुलाच्या आजोबांना गाईचेच दूध चाले, कारण म्हशीच्या दुधाने बुद्धी मंद होते अशी त्यांची पक्की समजूत. शेजारच्या घरात मात्र गाईचे दूध म्हणजे पांढरे पाणी, असे मत होते. या विविधतेने मी आनंदलो खरा. पण पाने दुसऱ्यांदा वाचताना एक वाक्य वारंवार येत असल्याचे ध्यानात आले. वडील रात्री पेलाभर दूध पितात, आजोबा पितात, दादा परीक्षेसाठी पितो, असे सांगून झाल्यावर शेवटी जवळपास सारखेच शब्द असत : ‘आई दूध पीत नाही. तिला आवडत नाही.’

आवड ही आपण अगदी खाजगी गोष्ट मानतो. एकाला कडू कारले रुचते, दुसऱ्याला नाही; त्यास कारण विचारू नये, असा आपला व्यवहार आहे. परंतु एखादी नावड इतक्या घरांत, इतक्या सारख्या शब्दांत आणि नेमकी एकाच नात्याच्या व्यक्तीच्या वाट्याला येते, तेव्हा ती केवळ जिभेची गोष्ट राहत नाही. तिचे कारण इतिहासात शोधावे लागते. ते शोधण्याचा माझा हा अल्प प्रयत्न आहे.

आरंभ आपल्या उशाशी उभ्या असलेल्या अशीरगडापासून करू. विजापूरच्या आदिलशाही दरबारात सतराव्या शतकाच्या आरंभी आपला इतिहास लिहिणाऱ्या फिरिश्त्याने या गडाची कथा नोंदविली आहे. आसा अहीर नावाचा एक मोठा पशुपालक या डोंगरावर राहत असे. त्याच्यापाशी पाच हजार म्हशी, पाच हजार गाई, वीस हजार मेंढ्या आणि एक हजार घोड्या होत्या, आणि दुष्काळात त्याने आपली धान्याची कोठारे गोरगरिबांसाठी उघडली, असे फिरिश्ता सांगतो. पुढे इ. स. १४०० च्या सुमारास फारुकी वंशाच्या नासिरखानाने कपटाने गड घेतला. कुटुंबातील स्त्रियांना आश्रय हवा म्हणून डोल्या वर पाठविल्या. त्या डोल्यांतून शस्त्रधारी शिपाई उतरले, आणि स्वागतास आलेला आसा अहीर मुलांसह मारला गेला. अशीरगड त्याहून जुना आहे आणि ‘आसा अहीर’ वरून ‘अशीर’ ही व्युत्पत्ती लोकांनी मागाहून जुळविली असावी, अशी शंका घेण्यास पुष्कळ जागा आहे. तथापि कथेचा गाभा दुर्लक्षिण्यासारखा नाही. या भूभागात पशुधन हीच सत्ता होती. नाशिकच्या लेण्यातील ईश्वरसेन या आभीर राजाचा तिसऱ्या शतकातील शिलालेख, खानदेशात अजून कानी पडणारी ‘गवळी राजा’ची दंतकथा आणि अहिरानी बोलीचे नाव, या साऱ्यांतून एका गोपालक समाजाची पावले उमटलेली दिसतात.

मात्र एक गोष्ट पाहावी. फिरिश्ता म्हशी मोजतो, गाई मोजतो. त्या दुधाचे काय झाले हे सांगत नाही. वासराला किती राहिले, तूप कोणाकडे गेले, राखणदाराच्या पोराला काय मिळाले, याविषयी ग्रंथ मौन पाळतो. जनावर हे संपत्तीच्या हिशोबात येते. दूध हे घरातच संपते. म्हणून जनावरांची गणती दरबारापर्यंत पोहोचते आणि दुधाची वाटणी चुलीपाशीच राहते.

सुदैवाने दोन शतकांनंतरच्या एका ग्रंथाने हे मौन काहीसे मोडले आहे. अकबराच्या दरबारातील अबुल फजल याने ‘आईने अकबरी’त जिनसांचे भाव दिले आहेत. त्याच्या यादीप्रमाणे एक मण गहू १२ दाम, दूध २५ दाम, दही १८ दाम आणि तूप १०५ दाम. त्याच ग्रंथात साध्या मजुराची रोजची मजुरी २ दाम सांगितली आहे. मण म्हणजे चाळीस शेर. आता आपण साधे त्रैराशिक मांडू. दोन दामांत मजुराला सव्वातीन शेरांच्या आसपास दूध येई, पण तूप पाऊण शेर आणि किंचित वर, इतकेच. म्हणजे दिवसभराच्या घामाला शेरभर तूपही मिळत नव्हते. हे भाव बादशाही छावणीच्या परिसरातील आहेत, ते जसेच्या तसे आपल्या खानदेशाला लावता येणार नाहीत, हे मी प्रथमच मान्य करतो. परंतु त्यांतील परस्परप्रमाण बोलके आहे.

विशेषतः एका गोष्टीकडे विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे. दही दुधाहून स्वस्त आहे. दुधाला विरजण लावून, राखून, जमवून मग विकावयाचे; श्रम वाढले तर भाव वाढावयास हवा. तो उतरला का? माझ्या मते याचे उत्तर तुपाच्या भावात आहे. दुधातील स्निग्धांश आधी काढून घेतला जाई व उरलेल्याचे दही बाजारात येई. हे माझे अनुमान आहे, पण ज्याच्या घरी रवी फिरली आहे त्याला ते पटावे. लोणी निघाले की मागे ताक राहते. लोणी कढवून झालेले तूप महिनोन्महिने टिकते, दूरवर जाते आणि रोख पैसा आणते. ताक दुपारपर्यंत आंबते, म्हणून ते शेजाऱ्याला, गड्याला आणि घरातल्या बायकांना वाटले जाते. आपल्या खेड्यांत ताक विकणे कमीपणाचे समजत, ते मागणाऱ्याला फुकट देत, याचे आपण कौतुक करतो. ते औदार्य खरेच होते. परंतु जे फुकट दिले जात होते ते लोणी काढून घेतल्यानंतरचे होते, हेही खरे आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या वाट्याला ताक आले, त्यांची जीभ ताकाला सरावली. त्या सरावालाच पुढे आपण आवड म्हणू लागलो.

याच अबुल फजलने गाय दिवसाला १ ते १५ शेर आणि म्हैस २ ते ३० शेर दूध देते असे नमूद केले आहे. आपल्या खानदेश सुभ्याच्या वर्णनात त्याने येथील मुख्य पीक ज्वारी असल्याचे सांगून, काही ठिकाणी तिची वर्षात तीन पिके निघतात आणि तिचे ताट इतके कोवळे व गोड असते की लोक ते फळासारखे मानतात, असे लिहिले आहे. दरबारी लेखकाला त्या ताटाची गोडी कळली. शेतकऱ्याला त्याचे आणखी एक मोल ठाऊक होते. ज्वारीचा कडबा हेच येथील जनावरांचे वर्षभराचे अन्न होय. ज्वारी पिकली तर माणसाला भाकरी आणि म्हशीला कडबा. ज्वारी गेली तर दोघांचेही गेले.

ती गेली म्हणजे काय होते, हे बुऱ्हाणपूरने १६३० ते १६३२ या काळात पाहिले. शाहजहान तेव्हा दक्षिणेच्या मोहिमेसाठी येथेच तळ देऊन होता. १७ जून १६३१ रोजी मुमताजमहल येथेच निवर्तली, आणि आपल्या गावाच्या इतिहासातील त्या वर्षाची आठवण तिच्याच नावाने निघते. परंतु त्याच वर्षांत गुजरात आणि दख्खन भीषण दुष्काळाने होरपळत होते. सुरतेहून आग्ऱ्यास जाताना या वाटेने गेलेल्या पीटर मंडी या इंग्रजाने रस्त्यावर पडलेल्या प्रेतांचे वर्णन लिहून ठेवले आहे. बादशहाचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी सांगतो की बुऱ्हाणपूर, अहमदाबाद व सुरत येथे अन्नछत्रे उघडली गेली, आणि बुऱ्हाणपुरात दर सोमवारी ५,००० रुपये याप्रमाणे वीस आठवड्यांत एक लक्ष रुपये गरिबांत वाटले गेले.

दुष्काळानंतर एक चांगला पावसाळा झाला तर चार महिन्यांत शेत पुन्हा पिकते. दुधाचे तसे नाही. चाऱ्याअभावी गोठा रिकामा झाला की तो भरण्यास वर्षे लागतात, कारण रेडी जन्मल्यापासून पहिल्यांदा विण्यास साधारणतः साडेतीन ते चार वर्षे जातात. म्हणजे भाकरी परत आली तरी भाकरीवरचे दूध परतावयास एक मूल पाळण्यातून शाळेच्या वयाला येई. त्या काळात जन्मलेल्या मुलाला दुधाची चवच ठाऊक नसणार. त्याला दूध आवडत नव्हते असे म्हणणे जितके निरर्थक, तितकेच आपली पुष्कळशी विधाने निरर्थक असतात.

आता आपल्या घरांतील गाय-म्हैस वादाकडे वळू. चरकसंहितेत आठ प्रकारच्या दुधांचे गुण सांगितले आहेत. त्यात म्हशीचे दूध गाईच्या दुधाहून जड व थंड, निद्रानाश झालेल्यास व ज्याचा अग्नी अति तीव्र आहे त्यास हितकर म्हटले आहे. म्हशीच्या दुधाने मूल सुस्त होते, या आपल्या आजोबांच्या समजुतीचे मूळ अशा वर्णनात शोधता येईल. परंतु शास्त्राने काहीही म्हटले असले तरी बुऱ्हाणपूरकरांनी म्हैसच का पत्करली, याचे कारण वेगळे आहे. आपल्या भागाची गाय ही निमाडी. तांबडी, अंगावर पांढरे ठिपके असलेली. तिचे बैल कष्टाळू व चिवट म्हणून नावाजलेले. ती पाळली गेली बैलांसाठी. दूध ती वासरापुरते आणि वर थोडेसे देई. म्हणून शेताला गाय आणि घराला म्हैस, अशी विभागणी झाली.

त्यात कापसाची भर पडली. हे कापसाचे आणि कापडाचे गाव. कापूस वेचून रुई काढली की सरकी उरते आणि सरकी ही दुभत्या म्हशीची मेजवानी. सरकी व तिची ढेप खाणाऱ्या जनावराचे तूप जरा घट्ट व रवाळ होते, हे आपल्या आजीला माहीत होते; ते प्रयोगशाळेला फार उशिरा कळले. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली तुपाची मानके ठरविताना कापूस पिकविणाऱ्या पट्ट्यांसाठी वेगळे आकडे द्यावे लागले. एरवी तेथील शुद्ध तूपसुद्धा तपासणीत भेसळीचे ठरले असते. एखाद्या प्रदेशाचे पीक तेथील तुपाच्या कणात कसे उतरते आणि त्या कणाची सवय झालेली जीभ दुसऱ्या तुपाला कशी नाके मुरडते, याचे याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. ‘आमच्याकडच्या तुपाची सर नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा आपण अजाणता सरकीचा गौरव करीत असतो.

आणि उन्हाळा! ताप्तीकाठचा वैशाखवणवा ज्याने सोसला त्याला सांगावयास नको की सकाळचे दूध न तापविता ठेवले तर दुपारी फाटलेच. बर्फ नव्हता, शीतकपाट नव्हते. तेव्हा दूध दुधाच्या रूपात ठेवणे ही चैन होती. ते दही, तूप किंवा खवा करूनच टिकविता येई. म्हशीच्या दुधात स्निग्धांश अधिक असल्याने शंभर किलो दुधापासून वीस-बावीस किलो खवा सहज निघतो. गाईच्या दुधापासून त्याहून कमी. आपल्या गावाची मावा जिलेबी, जी आज मुंबईच्या बाजारातही बुऱ्हाणपूरच्या नावाने विकली जाते, ती या उन्हातून आणि या म्हशीतून जन्मली आहे, असे मी मानतो. रमजानच्या रात्री तिच्या कढईभोवती जमणारी गर्दी, ईदेच्या सकाळचा शीरखुर्मा, मोहरमातील दुधाचे सरबत आणि कोजागिरीचे आटीव केशरी दूध, ही सारी एकाच गोठ्याची लेकरे होत. त्या दिवशी गवळ्याच्या दारात दोन्ही समाजांचे तांबे शेजारी शेजारी असतात. सणाचे दूध सर्वांना मिळते. खरा प्रश्न रोजच्या दुधाचा आहे.

इ. स. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतरच्या तहाने हे शहर मराठ्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे आणि १८६० साली इंग्रजांकडे गेले. १८७० मध्ये मुंबई ते कलकत्ता हा आपल्या लालबाग स्थानकावरून जाणारा लोहमार्ग पूर्ण झाला. गाडीबरोबर तूप बाहेर जाऊ लागले आणि काही वर्षांनी गाडीबरोबरच चहा आत आला. १९०३ साली चहावर उपकर बसविणारा कायदा झाला आणि त्या पैशांतून देशात चहाचा पद्धतशीर प्रचार सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्यांत व खाणींत चहाची दुकाने थाटली गेली. आपली ताप्ती मिल १९०६ ची. पाळीवर जाणाऱ्या कामगाराला पहाटे पेलाभर दूध परवडत नव्हते. परंतु पावशेर दुधात घरातल्या साऱ्यांचा चहा होत असे. चहाने दुधाचा पेला मोडला, असे जुनी माणसे रागाने म्हणत. मला वाटते, चहाने एक निराळीही गोष्ट केली. घरातील ज्या व्यक्तीच्या वाट्याला दूध कधीच येत नव्हते, तिच्या कपात त्याचे चार चमचे पडू लागले. चहा सर्वांना सारखा मिळे. आमच्या घरी तरी स्त्रिया दूध प्याल्या त्या केवळ चहातून.

स्वातंत्र्यानंतरचा भाग आपल्यापैकी अनेकांनी स्वतः पाहिला आहे. मी ज्या खेड्यातील प्राथमिक शाळेत शिकलो तेथे परदेशातून मदत म्हणून आलेल्या भुकटीचे दूध मोठ्या पातेल्यात कालवून आम्हांला वाटीत देत. त्याला एक धुरकट वास येई. आम्ही घरी म्हशीचे दूध पिणारी मुले नाक धरून ते ओतून देत असू. पण गावकुसाजवळून येणारी दोन मुले वाटी चाटून पुसून पुन्हा रांगेत उभी राहत. आम्हांला त्यांचे हसू येई. आज त्या हसण्याची लाज वाटते. आमची ‘नावड’ ही भरल्या पोटाची होती.

१९४६ साली गुजरातेतील आणंद येथे सहकारी दूध संघ स्थापन झाला. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही असा जगातील तज्ज्ञांचा समज असताना तेथे १९५५ साली ती करून दाखविण्यात आली. १९६५ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आले, आणि १९७० ते १९९६ अशी ‘दूध महापूर’ योजना तीन टप्प्यांत चालली. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात सहकारी दूध संघ उभा राहिला, आपल्या राज्यात ‘साँची’ची पिशवी आली. १९५०-५१ साली देशाचे दूध उत्पादन सुमारे १ कोटी ७० लक्ष टन होते. १९९८ मध्ये भारत जगात पहिला झाला, आणि २०२३-२४ मध्ये उत्पादन २३ कोटी ९३ लक्ष टनांवर गेले. माणशी रोजचे दूध सुमारे १३० ग्रॅमवरून ४७१ ग्रॅम झाले. हा पराक्रम सामान्य नव्हे आणि त्यात खेड्यातील स्त्रीचे हात सर्वांत अधिक राबले आहेत. चारा ती आणते, शेण ती काढते, धारही पुष्कळदा तीच काढते.

तथापि सरासरी हा शब्द इतिहासाच्या विद्यार्थ्याने सांभाळून वापरावा. दुधाला फॅटप्रमाणे भाव मिळू लागला, तेव्हा ‘आज किती फॅट लागली’ हा सकाळचा पहिला प्रश्न झाला. जे दूध घरात राहत होते ते डबा भरून केंद्रावर जाऊ लागले. त्यातून मुलांच्या वह्या आल्या, छपरावर पत्रे आले, हे मी पाहिले आहे. आणि म्हैस दारात असून धाकट्या मुलीच्या हातात काळा चहा आहे, हेही मी पाहिले आहे. ४७१ ग्रॅम ही देशाची २०२३-२४ ची सरासरी होती. घराघरांतील वाटणी तिच्यात दिसत नाही.

येथे एका न्याय्य आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. ज्यांना दूध खरोखरीच नको असते असे लोक नाहीत काय? अवश्य आहेत. मुंडा, हो, संथाळ यांसारख्या समाजांत परंपरेने जनावराचे दूध काढण्याची व पिण्याची रीत नव्हती. दूध हा वासराचा वाटा, असा त्यांचा विचार. हा विचार आपल्याला विचित्र वाटण्याचे कारण नाही. वासरू ओढून बाजूला बांधणाऱ्यांनीच त्यावर थोडे मनन करावे. शिवाय प्रौढ वयात दुधातील साखर पचविण्याची शक्ती सर्वांना सारखी नसते. ती शक्ती देणारा आनुवंशिक बदल भारतात वायव्येकडे अधिक व आग्नेयेकडे कमी आढळतो, आणि तो युरोपातील लोकांत आढळणाऱ्या बदलाशी एकरूप आहे, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. तेव्हा दूध पिताच ज्याचे पोट गुडगुडते त्याला नाजूक म्हणून चिडवू नये. अशी नावड देहाची असते किंवा परंपरेची असते, आणि ती आदरणीय आहे. परंतु ती घरातील पुरुषाला वगळून केवळ स्त्रीच्या देहात उतरत नाही. मला जी नावड खुपते, ती या दोन्हींत बसत नाही.

आता थोडे घरचे सांगतो. माझी आत्या तरुणपणीच विधवा होऊन आमच्या घरी परत आली. घरातले सारे दूधदुभते तिच्या हाती होते. रतिबाचे दूध माप पाहून घेणे, ते तापविणे, साय काढून विरजण लावणे, पहाटे ताक घुसळणे, लोणी कढविणे, हे सर्व ती करी. दुधाच्या वासावरून म्हैस गाभण आहे की काय, हेही ती सांगे. तिने कढविलेल्या तुपाचा वास राजपुऱ्याच्या आमच्या गल्लीभर दरवळे. मी शिकणारा मुलगा म्हणून सायीसकट पेला माझ्यापुढे येई. माझ्या बहिणींना ताकभात मिळे. आत्या दूध पीत नसे. ‘मला नाही आवडत’, असे ती म्हणे, आणि मीही ते खरे मानून चाललो होतो. पुढे मी इतिहासाचा शिक्षक झालो, कागदपत्रांतील विधानांवर विश्वास ठेवण्यापूर्वी लिहिणाऱ्याची परिस्थिती तपासावी असे मुलांना शिकवू लागलो, तरी माझ्या घरातील हे एक विधान मी कधी तपासले नाही.

तिच्या अखेरच्या आजारात डॉक्टरांनी तिला रोज दूध द्यावयास सांगितले. तोवर घरात दुधाला तोटा राहिला नव्हता. मी पेला घेऊन गेलो, तेव्हा तिने आधी विचारले, ‘मुलांचं झालं का?’ झाले म्हटल्यावर तिने पेला घेतला आणि वरची साय बोटाने उचलून आधी खाल्ली, जशी मी लहानपणी खात असे. मी म्हटले, ‘आत्या, तुला तर आवडत नव्हतं.’ ती हसली. ‘नाही आवडत म्हटलं की वाटणी सोपी होते रे,’ एवढेच ती म्हणाली.

त्या दिवशी मला माझ्या विद्यार्थ्यांच्या निबंधांतील शेवटचे वाक्य कळले. फिरिश्त्याच्या यादीत जे नाही, अबुल फजलच्या भावांत जे नाही, आणि २३ कोटी टनांच्या आकड्यातही जे दिसत नाही, ते त्या एका वाक्यात होते. दूध थोडे होते, खाणारी तोंडे अधिक होती, आणि कोणीतरी मागे सरणे भाग होते. मागे सरणाऱ्याने आपल्या त्यागाला आवडीचे नाव दिले, म्हणजे घेणाऱ्याला अपराधी वाटू नये. आज अनेक घरांत दूध थोडे राहिलेले नाही, तरी ते वाक्य राहिले आहे. सवय कारणापेक्षा अधिक टिकते, हे इतिहासाचे एक नेहमीचे सत्य आहे.

विद्यार्थिमित्रहो, गुरुजींच्या स्मृतीस वाहण्यासाठी माझ्यापाशी याहून मोठे काही नाही. तुम्हांला मात्र एक काम सांगून मी थांबतो. आज घरी गेल्यावर आई, आजी, काकू यांना, त्या एकट्या असताना, विचारा की त्यांना दूध कसे आवडते. ‘आवडत नाही’ असे उत्तर आले तर लगेच वहीत लिहून घेऊ नका. केव्हापासून आवडत नाही, लहानपणी माहेरी मिळत होते काय, साय कोण खात असे, हे विचारा. काहींना ते खरोखरच नको असेल. त्यांचा मान राखा. काही जणी थोडा वेळ गप्प राहतील. त्या गप्प राहिल्या तर पुढचा प्रश्न विचारू नका. एक पेला भरून त्यांच्यापुढे ठेवा आणि तुमचे झाले आहे असे त्यांना आधीच सांगा.